छंदाचा झाला उद्योग

एखाद्या वर्गात असा एखादा मुलगा असतो, की त्याला हाक मारली तरी तो वळून पाहत नाही. मधल्या सुट्टीत सगळी मुले आट्यापाट्या खेळत असता हा एका कोपऱ्यात बसून आगगाड्यांच्या वेळापत्रकाची पाने उलटीत असतो. शाळेची घंटा वाजली, की दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून धरतो. आपल्या नेहमीच्या जागेवर दुसरे कोणी बसलेले दिसले, तर तो कासावीस होतो, आणि कधी कधी मोठ्याने रडूही लागतो. त्याला गर्विष्ठ म्हणावे, तर तो कोणालाच तुच्छ लेखीत नाही. मंदबुद्धी म्हणावे, तर कोणती गाडी मिरजेस किती वाजता पोहोचते, हे तो न चुकता सांगतो. मग हा मुलगा आहे तरी कसा?

मनाच्या अशा ठेवणीला मराठीत स्वमग्नता असे नाव आहे. अमेरिकेत बाल्टिमोर येथे लिओ कॅनर नावाचे एक डॉक्टर होते. त्यांनी १९४३ साली अशा ११ मुलांचे बारकाईने वर्णन करून ते प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून वैद्यकाचे लक्ष या मुलांकडे वेधले. स्वमग्नता हा ताप-खोकल्यासारखा आजार नव्हे. ती एकापासून दुसऱ्यास लागत नाही, आणि औषधाने नाहीशीही होत नाही. मेंदूची घडणच मुळात थोडी निराळी असते. आईने माया कमी लावली म्हणून मूल असे निपजते, असे एके काळी नावाजलेले डॉक्टरही म्हणत असत. ते म्हणणे पुढे साफ खोटे ठरले; परंतु त्यापायी किती मातांनी विनाकारण स्वतःला दोष दिला असेल, याचा हिशेब कोण ठेवणार! जगात सुमारे सव्वाशे माणसांमागे एक मनुष्य स्वमग्न असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ सालाविषयीचा अंदाज आहे. म्हणजे एखाद्या मोठ्या शाळेत अशी चार-पाच मुले सहज असू शकतील.

ही मुले लहान असतात तोवर त्यांची काळजी घरची माणसे घेतात. पण मुले मोठी होतात. मोठेपणी मनुष्याला पोटासाठी काहीतरी उद्योग हवा असतो. आणि नुसत्या पोटासाठीच नव्हे, तर 'हे मी केले' असे स्वतःशी म्हणता यावे म्हणूनही तो हवा असतो. ज्याला चारचौघांत बोलता येत नाही, गलबला सहन होत नाही, त्याला हे सुख कसे मिळावे? या प्रश्नाचे उत्तर एका अमेरिकन बाईंच्या चरित्रात फार चांगले सापडते. त्यांचे नाव टेंपल ग्रँडिन.

टेंपलचा जन्म २९ ऑगस्ट १९४७ रोजी बोस्टन शहरी झाला. तीन वर्षांची झाली तरी ती एक शब्द बोलेना. कोणी जवळ घेतले, की तिचे अंग ताठ होई आणि ती दूर पळे. समुद्रकाठची वाळू मुठीत घेऊन ती बोटांच्या फटींतून गळताना पाहत ती तासन् तास बसे. खरखरीत कापडाचा झगा घातला, तर कोणी अंगावर कानसच घाशीत आहे असे तिला वाटे. तुम्हां-आम्हांला नुसता मोठा वाटणारा आवाज तिच्या कानांत कळ उठवीत असे. हे सर्व तिने पुढे स्वतःच लिहून ठेवले, म्हणूनच आपल्याला कळते. त्या वयात तिला ओरडण्यापलीकडे सांगण्याचा मार्गच नव्हता.

त्या काळी अशा मुलांना घरापासून दूर एखाद्या संस्थेत नेऊन ठेवण्याची वहिवाट होती. तिच्या वडिलांचाही कल तिकडेच होता. पण आई मानीना. तिने मुलीला बोलणे शिकविणारी शिक्षिका शोधली, आणि घरी एक दाई ठेवली. ही दाई दिवसभर तिला खेळांत गुंतवून ठेवी. खेळही असे, की ज्यांत एकदा तू आणि एकदा मी, अशी पाळी येते. पाळीची वाट पाहणे हे तुम्हांला क्षुल्लक वाटेल; पण स्वमग्न मुलाला दुसऱ्याचे अस्तित्व ध्यानात घ्यायला लावणारा त्याहून चांगला धडा नाही. चार वर्षांची होईतो टेंपल बोलू लागली.

पुढची वाट मात्र काही सोपी नव्हती. मोठ्या शाळेत मुली तिला चिडवीत, नावे ठेवीत. चौदाव्या वर्षी तिने संतापाच्या भरात एका चिडविणाऱ्या मुलीच्या अंगावर पुस्तक फेकले, आणि शाळेने तिचे नाव काढून टाकले. चिडविणारी वर्गातच राहिली, हे वेगळे सांगावयास नकोच. मग आईने तिला न्यू हँपशर प्रांतातील एका निवासी शाळेत घातले. तेथे घोड्यांची पागा होती. टेंपल अभ्यासाकडे पाठ फिरवी, पण पागेतील नऊ घोड्यांची लीद काढणे, त्यांना दाणावैरण घालणे, खरारा करणे, ही कामे एक दिवसही चुकवीत नसे. त्याआधीच, तेराव्या वर्षी, आईने तिला आठवड्यातून दोन दुपारी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे जाण्याची सवय लावली होती. तेथे ती झग्यांचे काठ हाताने दुमडून शिवी. मिळणारे पैसे थोडेच. परंतु ठरल्या वेळी जावे, दुसऱ्याने सांगितलेले काम त्याला हवे तसे करावे, ही शिस्त तिला तेथे लागली.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत टेंपल ॲरिझोना प्रांतात नात्यातील एका बाईंच्या गुरांच्या मळ्यावर राहावयास गेली. तेथे तिने एक खोडा पाहिला. आपल्याकडे गुरांच्या दवाखान्यापुढे लोखंडी नळ्यांचा खोडा असतो ना, त्याचाच हा मोठा भाऊ समजा. जनावर आत आले, की दोन्ही बाजूंच्या फळ्या जवळ येऊन त्याचे अंग धरून ठेवतात, मग त्याला लस टोचता येते. टेंपलच्या नजरेने एक गोष्ट टिपली. भेदरलेली वासरे या फळ्यांत सापडली, की पुष्कळ वेळा शांत होत. तिचे स्वतःचे मन सदा भेदरलेलेच असे. तिने त्या बाईंना सांगून स्वतःलाच त्या खोड्यात धरून घेतले. आणि काय आश्चर्य! मनुष्याने जवळ घेतलेले जिला सोसत नसे, तिला त्या फळ्यांच्या दाबाने बरे वाटले.

शाळेत परतल्यावर तिने लाकडाच्या फळ्यांचा तसाच एक खोडा स्वतःसाठी बनविला. मोठ्या माणसांना हे वेडगळपणाचे वाटले, आणि ते यंत्र तिच्यापासून काढून घ्यावे असे बोलणे सुरू झाले. येथे तिच्या आयुष्यात एक शिक्षक पुढे आले. त्यांचे नाव विल्यम कार्लॉक. ते विज्ञान शिकवीत. त्यांनी तिला रागावले नाही, की शाबासकीही दिली नाही. ते इतकेच म्हणाले, की या दाबाने मन का शांत होते, याचा शास्त्रीय पद्धतीने शोध घे. त्यासाठी ग्रंथालय कसे वापरावे, शोधनिबंध कसे हुडकावेत आणि वाचावेत, हे त्यांनी तिला शिकविले. अभ्यासाला कंटाळणारी मुलगी आता आपण होऊन वाचू लागली. कारण तिला हव्या असलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या पुस्तकांत होते. मुलाच्या डोक्यात एकच वेड असले, तर ते काढून टाकण्याची आपल्याला घाई होते. कार्लॉक यांनी त्या वेडालाच गाडी जुंपली. माझ्या मते या सबंध चरित्रात याहून शहाणपणाचे कृत्य दुसरे नाही.

टेंपलने १९७० साली मानसशास्त्राची पदवी घेतली, आणि १९७५ साली पशुविज्ञानातील वरची पदवी मिळविली. अभ्यास चालू असतानाच ती ॲरिझोनातील गुरांच्या आवारांतून हिंडू लागली होती. यापुढे आपण त्यांना टेंपलबाईच म्हणू.

टेंपलबाईंच्या विचाराची तऱ्हाच निराळी आहे. तुम्ही-आम्ही पुष्कळसा विचार शब्दांनी करतो. त्या चित्रांनी करतात. 'चर्चचे शिखर' असे म्हटले, की आपल्यासमोर साधारण एक निमुळता आकार उभा राहतो. त्यांच्या डोळ्यांपुढे मात्र त्यांनी आजवर पाहिलेली खरीखुरी शिखरे एकामागून एक येऊ लागतात. अमुक गावचे, तमुक रस्त्यावरचे. एखादे यंत्र बांधण्यापूर्वी त्या ते मनातल्या मनात उभे करतात, त्याच्याभोवती फिरतात, ते चालवून पाहतात, आणि कोठे अडते तेही त्यांना तेथेच दिसते.

या दृष्टीचा उपयोग गुरांच्या बाबतीत कसा झाला, ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत मोठमोठ्या आवारांत मांसासाठी हजारो गुरे पाळली जातात. त्यांना लस टोचण्यासाठी, वाहनात चढविण्यासाठी, किंवा कत्तलखान्यात नेण्यासाठी अरुंद वाटांतून हाकावे लागते. गुरे मध्येच अडत, बिथरत. मग गुराखी आरडाओरडा करीत, काठ्या मारीत, विजेचे झटके देत. गुरे का अडतात, हे टेंपलबाईंना जाणून घ्यावयाचे होते. त्या स्वतः त्या वाटेत उतरल्या, गुराच्या डोळ्यांच्या उंचीवर वाकल्या, आणि तेथून त्यांनी छायाचित्रे घेतली. पाहणारे हसले. पण त्या छायाचित्रांत सारे गुपित उघड झाले. कोठे लोंबणारी साखळी हालत होती, कोठे कुंपणावर कोणी कोट टाकलेला होता, कोठे जमिनीवर सावलीचा काळा पट्टा पडला होता, तर कोठे पाण्याच्या डबक्यावर ऊन चमकत होते. माणसाला ज्यांत काही विशेष दिसत नाही, त्या गोष्टी जनावराला भिवविणाऱ्या होत्या. कोट उचलला, साखळी बांधली, की गुरे मुकाट्याने पुढे चालू लागत. टेंपलबाईंना हे दिसले, कारण त्यांचे स्वतःचे मनही अशाच बारीकसारीक गोष्टींनी दचकत असे.

पुढे त्यांनी वळणावळणाच्या वाटा आखल्या. गुरे जेथून आली तेथेच परत जाऊ पाहतात. वाट गोलाकार असली, की आपण परतच चाललो आहो असे त्यांना वाटते. बाजूच्या भिंती भरीव असल्या, म्हणजे बाहेरची माणसे दिसून ती बिचकत नाहीत. असे नकाशे काढणे टेंपलबाईंना कोणी शिकविले नव्हते. एका कुशल नकाशेकाराला काम करताना त्यांनी पाहिले, त्याच्यासारखीच साधने आणि त्याच्यासारखाच कागद आणला, आणि रेघ न् रेघ त्याच्या पद्धतीने ओढून त्या ती कला शिकल्या.

ॲरिझोनातील एका आवाराची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. जॉन वेन हा प्रसिद्ध चित्रपटनट त्या आवाराच्या मालकांपैकी होता. गुरांच्या अंगावरील कीटकांचा नाश व्हावा म्हणून त्यांना औषधी पाण्याच्या खोल हौदातून पोहत जावे लागे. पूर्वीच्या हौदांना निसरडी घसरण असे. गुरे घाबरून मागे फिरू पाहत, उलटी पडत, आणि काही बुडूनही मरत. टेंपलबाईंनी पाय रोवता यावेत अशी खोबणीदार उतरण बांधविली. तीवरून गुरू एकेक पाऊल टाकीत जाई, आणि पुढे तळ एकदम संपून आपोआप पाण्यात शिरे. गुराख्यांचा काही यावर विश्वास बसेना. गुरे आपण होऊन पाण्यात कशी जातील? त्यांनी त्या खोबणींवर लोखंडी पत्रा टाकून पुन्हा घसरण केली. पहिल्याच दिवशी दोन जनावरे बुडाली. टेंपलबाईंनी पत्रा काढावयास लावला. मग गुरे ओळीने, शांतपणे पाण्यात उतरू लागली. पाहणारे थक्क झाले. टेंपलबाईंना नवल वाटले नाही. त्यांनी ते दृश्य मनात आधीच पाहिलेले होते.

आता तुम्ही विचाराल, की ज्या बाईंना चारचौघांत बोलावयाचे संकट वाटे, त्यांना ही कामे मिळाली तरी कशी? शिवाय त्या काळी गुरांच्या आवारात बायकांना कोणी उभे करीत नसे. टेंपलबाईंनी यावर एक युक्ती काढली. त्या शेती-गुरांविषयीच्या एका नियतकालिकात लेख लिहू लागल्या, त्यामुळे वार्ताहर म्हणून त्यांना आत जाता आले. आणि काम मागावयास जाताना त्या स्वतःविषयी फारसे बोलतच नसत. आपल्या नकाशांची गुंडाळी त्या टेबलावर उलगडून ठेवीत. समोरच्या गृहस्थास आधी ही बाई चमत्कारिक वाटे, नकाशा पाहिला, की तो विचारी, "हे तुम्ही काढलेत?" एवढ्यावर काम मिळे. कालांतराने उत्तर अमेरिकेतील सुमारे निम्मी गुरे त्यांच्या आराखड्यांप्रमाणे बांधलेल्या सोयींतून जाऊ लागली. १९९० साली त्या कोलोरॅडोच्या विद्यापीठात अध्यापन करू लागल्या. २०१० साली त्यांच्या चरित्रावर एक चित्रपटही निघाला.

नकाशाच्या या गुंडाळीत एक मोठी गोष्ट दडलेली आहे. आपल्याकडे काय किंवा परदेशात काय, नोकरी द्यावयाची म्हणजे मुलाखत घ्यावयाची, अशी रीत आहे. मुलाखतीत मनुष्य डोळ्याला डोळा भिडवून बोलतो का, हसतमुख आहे का, हे पाहिले जाते. स्वमग्न मनुष्य नेमका येथेच अडखळतो, आणि जे काम त्याला उत्तम करता आले असते, ते करून दाखविण्याची वेळच त्याच्यावर येत नाही. डेन्मार्क देशातील थॉर्किल सोन्ने या गृहस्थांना हे स्वतःच्या घरात कळले. त्यांचा लहान मुलगा स्वमग्न होता. एकदा त्याने कागदावर चौकटी आणि आकडे काढले. वडिलांनी ते ताडून पाहिले, तेव्हा ती नकाशांच्या पुस्तकातील अनुक्रमणिकेच्या पानाची हुबेहूब नक्कल निघाली, आणि तीही केवळ आठवणीने काढलेली! सोन्ने यांनी आपली चांगली नोकरी सोडली, आणि २००४ साली स्पेशालिस्टर्ने नावाची कंपनी काढली. या नावाचा अर्थ तज्ज्ञ मंडळी. संगणकाच्या आज्ञावलीत बारीक चुका राहतात. त्या हुडकण्याचे काम ही तज्ज्ञ स्वमग्न मंडळी करू लागली. तेच ते काम पुन्हा पुन्हा, न कंटाळता आणि नजर न ढळू देता करावयाचे असते. पुष्कळांना ते जिवावर येते, यांतील कित्येकांना त्यात गोडी वाटते. तेथे उमेदवारांपुढे प्रश्नांची फैर झाडण्याऐवजी लेगोचे तुकडे ठेवीत, आणि त्यांचा यंत्रमानव बनवावयास सांगत. बोटे काय करतात हे पाहिले, की माणूस कळतो. या कंपनीचे चिन्ह आहे डँडेलियन नावाचे पिवळे फूल. हिरवळीत उगवले तर लोक ते तण म्हणून उपटतात; जाणता त्याची भाजी आणि औषध करतो. आपल्याकडे पावसाळ्यात उगवणाऱ्या टाकळ्याची तीच कथा नाही का?

हे वारे आपल्या देशातही आले. सॅप या जर्मन कंपनीने बंगळूरच्या आपल्या कचेरीत काही स्वमग्न तरुणांना अशाच कामावर घेऊन पाहिले. तो प्रयोग यशस्वी झाल्यावर, २०१३ साली, तिने स्पेशालिस्टर्नेच्या साहाय्याने हे काम इतर देशांत वाढविण्याचे जाहीर केले. भारताच्या २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट उल्लेख आहे. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी किमान ४ टक्के जागा राखाव्यात असे तो सांगतो, आणि त्यांपैकी १ टक्क्यात इतर काही गटांबरोबर स्वमग्न व्यक्तींचाही वाटा आहे.

एक गैरसमज मात्र टाळला पाहिजे. लंडनचे चित्रकार स्टीफन विल्टशर हेही स्वमग्न आहेत. २००५ साली त्यांनी हेलिकॉप्टरमधून टोकियो शहर थोडा वेळ पाहिले, आणि नंतर केवळ आठवणीने लांबलचक पटावर ते साऱ्या इमारतींसह रेखाटले. अशा गोष्टी ऐकून लोकांना वाटते, की प्रत्येक स्वमग्न मुलात काहीतरी अद्भुत शक्ती लपलेली असते. तसे मुळीच नाही. बहुतेकांचे गुण तुमच्या-आमच्या गुणांसारखे साधेच असतात. काही जण जन्मभर बोलत नाहीत, चित्रांच्या पत्त्यांवर बोट ठेवून आपली गरज सांगतात. काहींना आंघोळीस आणि जेवणासही मदत लागते. त्यांच्यापैकी कोणी पाकिटे चिकटवील, कोणी रोपांना पाणी घालील, कोणी ग्रंथालयातील पुस्तके क्रमाने लावील. आपण लावलेली पुस्तके दुसऱ्या दिवशीही क्रमाने उभी दिसावीत, याचा आनंद नकाशा काढणाऱ्याच्या आनंदाहून हलका आहे, असे कोणी म्हणू नये.

टेंपलबाईंनी २००४ साली एका सहलेखिकेबरोबर स्वमग्न तरुणांच्या उद्योगांविषयी पुस्तक लिहिले. शाळा सुटेपर्यंत वाट न पाहता, शिकत असतानाच मुलांना घराबाहेरच्या लहानसहान कामांची सवय लावावी, असे त्यांचे ठाम मत आहे. झग्यांचे काठ आणि घोड्यांची पागा त्या विसरलेल्या नाहीत. काम देणाऱ्यालाही यात फार खर्च येतो असे नाही. बसण्याची जागा गलबल्यापासून दूर असावी. दिवसाचा क्रम आदल्या दिवशीच कागदावर लिहून द्यावा, आणि त्यात बदल होणार असेल तर आगाऊ सांगावे. सूचना मोघम नसावी. "एवढे जरा लवकर आटपा," असे म्हटले, तर स्वमग्न मनुष्य गोंधळून उभा राहील. कारण 'जरा' म्हणजे किती आणि 'लवकर' म्हणजे केव्हा, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. त्यालाच "साडेचार वाजेपर्यंत ही ४० पत्रे पाकिटांत घाला," असे सांगा, आणि साडेचारला येऊन पाकिटे मोजून घ्या.